भय्याजींचा दुसरा प्रश्न

मला वाचवलं ते भय्याजी टेंबे यांनी. झाशीच्या लक्ष्मी गेटाच्या आतल्या गल्लीत राहणारे, लॉरी कंपनीत बाबू असलेले, डाव्या हातानं लिहिणारे भय्याजी टेंबे. हे नाव आधी लिहून मोकळा होतो. पुढं काय झालं ते सांगायला लागलो की मी माझीच बाजू सावरत बसतो आणि त्यांचं नाव मागं राहून जातं. एकदा तसं राहिलेलं आहे.

मी फार शिकलेला नाही. मिरजेकडच्या गावात सहावीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. मामा झाशीच्या रेल्वे कारखान्यात खलाशी, म्हणजे मजूर, होता, त्याच्याकडं आलो. लॉरी चालवायला शिकलो, लायसन झालं, आणि मग मामाची बदली होऊन मी एकटाच तिथं उरलो. कोळशाच्या इंजिनांचे दिवस होते. सकाळी उठलो की उशीवर काजळी, नाकात काजळी. दिवसभर हिंदी, नाहीतर बुंदेली. लोक मला ‘दक्खनी’ म्हणत. कधीकधी आठवडाभर मराठीचा एक शब्द कानावर पडायचा नाही. तेव्हा मी लॉरी चालवता चालवता स्वतःशीच मोठ्यानं बोलायचो, आपली भाषा गंजू नये म्हणून.

कंपनीचं फाटक मालधक्क्याच्या मागच्या बाजूला. सात लॉऱ्या होत्या. वॅगनमधून आलेलं मीठ, साखर, सिमेंट, रॉकेलचे डबे उतरवायचे आणि दतिया, मोंठ, समथर, शिवपुरीकडं पोचवायचे. फाटकाशी कडुनिंबाखाली एक टेबल आणि टेबलामागं भय्याजी. उंच, पण खांद्यातून वाकलेले. डोक्याला काळी टोपी. जेठाच्या उन्हातसुद्धा कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि उजवा हात कोटाच्या खिशात. तो हात अधू असावा असं मला बरेच महिने वाटत होतं.

पहिल्या सकाळी मी गाडी फाटकाशी आणली. त्यांनी वर न बघता म्हटलं, “ऐब बोलो.”

“कोई ऐब नहीं, बाबूजी. गाड़ी बढ़िया है.”

“बढ़िया गाड़ी आज तक बनी नहीं.”

ते उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या उजव्या चाकाचा एक नट नव्हता. ताडपत्रीचा दोर एके ठिकाणी झिजून सुतळीएवढा झाला होता. मागचा लाल दिवा फुटलेला. पाट्याखाली वाकून त्यांनी बोट फिरवलं, तेलाचा ओघळ मला दाखवला आणि बोट माझ्याच गमछ्याला पुसलं. मी वैतागून पुटपुटलो, “म्हातारं खुळं दिसतंय.”

पाठ न वळवता ते म्हणाले, “खुळं तर आहेच. पण मराठी समजतं न त्याला.”

ते टेबलाशी गेले, डाव्या हातानं वहीत वाकडीतिकडी अक्षरं काढत राहिले. मग वर बघितलं. “आमचे लोक सुभेदारांबरोबर आले, तेव्हापासून इथंच. आमची मराठी जुनी आहे, हसू नका. बसून जा. चाय घ्या.” आणि लगेच, त्याच दमात, “हे गाडीचं झालं. आता तुमचा ऐब बोला.”

“माझा?”

“झोप झाली? पोट ठीक? कोणाशी भांडून निघालात? घरून चिठ्ठी आली?”

वहीला दोन रकाने होते. पहिल्यात गाडीचा ऐब, दुसऱ्यात माणसाचा. दोन्ही भरल्याशिवाय फाटकाची चिठ्ठी मिळायची नाही. झाशीत बाकी कुठल्या लॉरीवाल्याकडं असली वही मी पाहिली नाही. दुसऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हर आम्हाला चिडवायचे, “का भैया, आज बाबू से पाप कबूल कर आए?”

भय्याजींचं मूळ काम खटल्यांचं होतं. लॉरी कुणाला लागली, माल भिजला, फुटला, हरवला, की कागद करायचे, वकिलाला भेटायचं, तारखेला जायचं. सगळे त्यांना केस-बाबू म्हणत. पण ते म्हणायचे, “मुकदमा कचेरीत जन्मत नाही. तो सकाळी सात वाजता ह्या फाटकातून बाहेर जातो. इथं ओळखला तर ओळखला. नाहीतर मग वकिलाच्या बापाला सापडत नाही.” म्हणून ते फाटकाशी बसायचे. कंपनीचे मालक सेठजी, त्यांनी आत पंख्याखाली टेबल देऊ केलं होतं. ते गेले नाहीत.

त्यांचे नेम ठरलेले. वजनापेक्षा एक पोतं जास्त दिसलं तर हमालाला उतरवायला लावत आणि स्वतः त्या पोत्यावर बसून राहत, म्हणजे पाठ वळताच कुणी परत चढवू नये. काही घडलं तर ड्रायव्हरनं आल्या आल्या, पाणी प्यायच्या आधी, सगळं सांगायचं. “पाणी प्यालं की माणूस हुशार होतो,” म्हणायचे. ड्रायव्हरच्या तोंडून येईल तसंच लिहायचे. “मला घोडा दिसला नाही” असं तो म्हणाला तर “घोडा दिसला नाही” एवढंच. “घोडा अचानक आला” असं नाही. आणि अपघातानंतर कुठं जायचं याचा क्रम त्यांनी आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतला होता. आधी दवाखाना, मग त्या माणसाचं घर, मग ठाणं, सगळ्यात शेवटी वकील.

गिरधारी नावाचा आमच्यातला एक ड्रायव्हर फार चलाख होता. रोज एक ऐब सांगावाच लागतो म्हटल्यावर त्यानं एक बिनधोक ऐब शोधून ठेवला होता. “हॉर्न बैठ गओ, बाबू.” रोज तेच. भय्याजी पंधरा-वीस दिवस मुकाट्यानं लिहीत राहिले. मग एके सकाळी मिस्त्रीला बोलावून त्यांनी गिरधारीच्या गाडीचा हॉर्न उतरवूनच ठेवला.

“जा. आता खरंच नाही. तोंडानं वाजव.”

“बाबू, मजाक न करो!”

“मजाक तू करत होतास. मी लिहून घेत होतो.”

गिरधारी दतियापर्यंत खिडकीतून डोकं काढून “हटो भैया! हटो मताई!” ओरडत गेला आणि तसाच ओरडत परत आला. दुसऱ्या दिवशी फाटकाशी त्याचा आवाज पार बसलेला. भय्याजींनी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘घसा’, आणि हॉर्न परत दिला. त्या दिवसापासून गिरधारी खरे ऐब सांगायला लागला. त्याच्या गाडीचा स्टिअरिंगचा सांधा ढिला आहे हे महिनाभर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं ते त्या आठवड्यात सांगितलं.

दतिया गेटापाशी आमच्या एका लॉरीनं मागं घेताना एका विधवेच्या घराची भिंत पाडली. माणूस कुणी दुखावलं नाही. सेठजी म्हणाले, ती कागद पाठवेल तेव्हा बघू. भय्याजी त्याच दुपारी पायी गेले. मी बरोबर होतो. ते पडलेल्या विटांवर जाऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “अम्माजी, दीवार हमने गिराई.” बस्स. बाई आधी खूप बोलली. ते ऐकत राहिले. मग तिनं चहा आणला. चार दिवसांत गवंडी गेला, भिंत उभी राहिली, कागद कधी आलाच नाही. सेठजी हसून म्हणाले, “टेंबेजी, आप तो कबूल करके घर लुटवा देंगे.” भय्याजी बाहेर पडले. रस्त्यात मला म्हणाले, “लोक नुकसानीसाठी कचेरीत जात नाहीत हो. आपण तोंड फिरवलं म्हणून जातात.”

हे सगळं ते कुठं शिकले ते मला एका रविवारी कळलं.

त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. दोन खोल्या, समोर अरुंद गल्ली, खाली कासाराचं दुकान. नात वाढत होती. भय्याजी तिच्याशी मराठीत बोलायचे आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. “दादाजी, इनको और कढ़ी दूँ?” कढीला मोहरीची फोडणी होती, अगदी आमच्या घरच्यासारखी, आणि मी ताटात नुसता भात कालवत बसलो. भय्याजींनी ते पाहिलं आणि नातीला पाणी आणायच्या निमित्तानं आत पाठवलं. जेवण झाल्यावर सुपारी कातरताना त्यांनी उजवा हात खिशातून काढला. हात चांगला धडधाकट होता. मी बघतच राहिलो.

“चालतो न हा,” ते म्हणाले. “सगळं करतो. लिहीत नाही फक्त.”

मग त्यांनी सांगितलं. ते तरुण होते, कंपनीत नवे होते. समथरचा एक शाळामास्तर कंपनीच्या लॉरीखाली गेला. ब्रेक लागत नव्हता, आणि ते कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. भय्याजींचं अक्षर तेव्हा असं होतं की सेठजींचे वडील लग्नाच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडून लिहवून घेत. त्यांना मागच्या तारखेचा एक कागद लिहायला सांगितला. अमुक दिवशी ब्रेक दुरुस्त केला. त्यांनी लिहिला आणि कचेरीत शपथेवर तो खरा आहे असं सांगितलं. कंपनी जिंकली. मास्तरची बायको बाहेर व्हरांड्यात उभी होती, कडेवर मुलगी. ती रडली नाही, ओरडली नाही. जवळ आली आणि म्हणाली, “बाबूजी, आप लिखते बहुत सुंदर हैं.”

भय्याजी सुपारी कातरत राहिले. “तेव्हापासून ह्या हातानं लिहिता येत नाही. टाक धरला की ती मागून वाचते आहे असं वाटतं.” सुपारी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “अजूनही वाटतं.”

मी तेव्हा नुसती मान हलवली. मागून कुणी वाचत असतं म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आता माझ्यावर येतो. टाळत होतो.

सेठजींचा एक नियम होता. ज्या दिवशी ड्रायव्हर गाडीवर जाणार नाही त्या दिवसाची मजुरी नाही. मग दुसऱ्या रकान्याचं काय होणार? रात्री दारू प्यालेल्या एकानं खरं सांगितलं, “बाबू, कल की उतरी नहीं,” आणि भय्याजींनी त्याला घरी पाठवलं. एकाला आव झाली होती, त्यानंही खरं सांगितलं. दोघांची चूल त्या दिवशी थंड. ते बघून सगळ्यांनी एक उत्तर धरलं. माझा काही नाही, बाबू. भय्याजी सेठजींकडं गेले. आजारी माणसाला बसल्या जागी निम्मी तरी मजुरी द्या म्हणाले. दार उघडं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“टेंबेजी, बुखार की तनखा दूँगा, तो सारे शहर को बुखार आ जाएगा.”

भय्याजी बाहेर आले, टेबलाशी बसले. तरी रोज विचारत राहिले. प्रश्न तोच, पण विचारताना आता ते माणसाच्या तोंडाकडं बघायचे.

मला हिवताप होता. एक दिवसाआड थंडी भरायची. आधीच दोन दिवस बुडाले होते, खोलीवाला दाराशी येऊन खाकरून जायचा. आणि भीती वेगळीच. परक्या गावात एकदा हा माणूस कामाचा नाही असं ठरलं, की मग कुणाच्या दारात उभं राहायचं? मी कोयनेलच्या गोळ्या खाल्ल्या, दुप्पट. कोयनेलनं कान वाजतात. डोक्यात रातकिड्यांचं एक शेतच भरलं होतं. त्या सकाळी लॉरीत मीठ होतं, समथरला जायचं. मालधक्क्यावर आणखी वॅगन उभी होती आणि तिला डॅमरेज, म्हणजे रेल्वेचा उशिराचा दंड, लागायची वेळ आली होती. आतून सेठजींचं ओरडणं चाललं होतं.

“ऐब बोला.”

“ब्रेक डावीकडं ओढतोय.”

मिस्त्री आला, त्यानं अर्धा तास खपून ब्रेक नीट केला, भय्याजींनी स्वतः मागं-पुढं करून बघितला. आतून पुन्हा आवाज, “टेंबेजी! गाड़ी निकली कि नहीं?”

“आणि तुमचा?”

हा प्रश्न त्यांनी विचारला. मी इथं स्पष्ट लिहितो. त्यांनी विचारला, माझ्या तोंडाकडं बघून विचारला, आणि मी ऐकला. कान वाजत होते तरी ऐकला.

“माझा काही नाही, भय्याजी.”

त्यांचा टाक थांबला. आतून सेठजी फाटकाकडं चालत आले. भय्याजींनी दुसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली.

चिरगाव मागं टाकल्यावर एके ठिकाणी बाजूच्या गावाकडून एक पायवाट रस्त्याला मिळते. तिथून एका घोड्याचा एक्का वर आला. एक्केवाला ओरडला असणार. घोड्याच्या गळ्यात घुंगरं होती, ती मी नंतर पाहिली. मला काहीच ऐकू आलं नाही. मी ब्रेक दाबला तेव्हा फार उशीर झाला होता. ब्रेक चांगला लागला. सरळ लागला. गाडीचा काही दोष नव्हता.

घोडं तिथंच गेलं. एक्केवाल्याचं नाव परमा, माझ्याच वयाचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता असंच म्हणायला हवं. मला भय्याजींचा क्रम आठवला म्हणून मी पळून गेलो नाही. आजूबाजूच्या लोकांनी त्याला वर चढवायला मदत केली. लॉरीत दुसरं काही नव्हतं, मिठाच्या पोत्यांवरच निजवावं लागलं. मी माझी वाकळ खाली घातली. ती पातळ होती. झाशीच्या दवाखान्यापर्यंत तो ज्या आवाजात ओरडत होता तो मात्र मला ऐकू येत होता.

भय्याजी दवाखान्यात आले, परमापाशी बसले, त्याच्या बायकोला निरोप पाठवला. मग बाहेर येऊन माझ्या कपाळावर हात ठेवला. उजवा हात.

माझ्यावर फौजदारी झाली, कंपनीवर परमाचा दावा. वकील सेठजींच्या खोलीत आला. बेत सोपा होता. घोडा बिथरला असं मी म्हणायचं, आणि त्या दिवसाचं वहीचं पान नसायचं. वकील म्हणाला, माणसाच्या तब्येतीबद्दल एक अक्षर सापडलं तर दावा गळ्यात पडेल. सेठजींनी वही मागितली. भय्याजींनी ती कोटाच्या आत, छातीशी बटणं लावून ठेवली होती.

“सेठजी, झूठा काग़ज़ एक बार दे चुका हूँ,” ते म्हणाले. “दूसरी बार नहीं दूँगा.”

कचेरीत हाकिमानं ते पान वाचायला लावलं. भय्याजींनी उभं राहून वाचलं. गाडीचा ऐब, ब्रेक डावीकडं ओढतो, दुरुस्त. माणसाचा ऐब, डोळे लाल. एवढंच होतं. ‘विचारलं, नाही म्हणाला’ असं त्यांनी लिहिलंच नव्हतं.

सरकारी वकिलानं विचारलं, “आप हर ड्राइवर से रोज़ पूछते हैं कि तबीयत कैसी है?”

“रोज़.”

“उस दिन पूछा?”

मी पिंजऱ्यात उभा होतो. त्यांचं तोंड मला बाजूनं दिसत होतं. ज्या माणसानं एका खोट्यापायी उजवा हात खिशात घालून इतकी वर्षं काढली, तो आता काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. तो खरं सांगणार, आणि मी आत जाणार.

“उस दिन पूछना रह गया, हुज़ूर,” भय्याजी म्हणाले. “आँखें लाल देखीं, फिर भी जाने दिया. वैगन खड़ी थी. गलती मेरी है.”

हाकिमानं माझ्याकडं बघितलं. मला बोलता आलं असतं. एकच वाक्य होतं, यांनी विचारलं होतं, मीच खोटं बोललो. मी खाली बघितलं.

मला दंड झाला, लायसन काही महिने जमा झालं. तुरुंग टळला. त्या पानामुळं परमाचा दावा टिकला, सेठजींना तडजोड करून त्याला भरपाई द्यावी लागली. आणि त्याआधी, साक्षीच्या पुढच्याच आठवड्यात, कंपनीत नवी वही आली. तिला एकच रकाना होता, गाडीच्या ऐबाचा. माणसाचं काही लिहायचं नाही असा वकिलाचा सल्ला होता. भय्याजींना कुणी काढलं नाही. त्यांनी ती एका रकान्याची वही उघडली, मिटली, टेबलावर ठेवली आणि फाटकातून चालत घरी गेले.

निकालाच्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात मी त्यांना एकदाच विचारलं. दुसरं काही सुचेना. “भय्याजी, तुम्ही तर विचारलं होतं.”

“हो न. विचारलं होतं.”

“मग?”

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “खरं उत्तर दिलं की ज्याची चूल विझते, त्याला प्रश्न विचारला असं म्हणवत नाही हो मला. तुम्ही कुठून खरं बोलणार होता? तशी सोय आम्ही ठेवलीच नव्हती.” मग माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, “दक्षिणेची गाडी दोन वाजता आहे. निघून जा. इथं सेठ तुम्हाला सुखानं राहू देणार नाही.”

तुरुंगाच्या तयारीनं आणलेली पेटी मी उचलली. कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो आणि मागं वळून बघितलं.

परमा कुबडीवर व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत होता. भय्याजी त्याच्या बाजूला. एक पायरी तो उतरला की एक पायरी ते उतरत. परमा रडत नव्हता. तो शिव्या देत होता, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा. बापावरून, सात पिढ्यांवरून. आणि मधूनमधून एकच वाक्य, “एक बेर पूछ लेते, बाबू! मूँ घिस जातो का तुमाओ? एक बेर पूछ लेते, तो मेरो पाँव होतो!” लोक थांबून बघत होते. कुणीतरी भय्याजींच्या कोटावर थुंकलं. भय्याजींनी ते पुसलं नाही. परमाच्या प्रत्येक शिवीवर ते मान हलवत होते, जसं काही तो हिशेबातलंच बोलतोय, आणि हलकेच म्हणत होते, “हओ, भैया. हओ. सँभल के. एक सीढ़ी और है.”

दोन वाजायला अवकाश होता. मी त्या दोघांपासून पन्नास पावलांवर होतो. गेलो नाही.

गावी मी गेलोच नाही. इटारसीला उतरलो आणि इथंच राहिलो. पहिली काही वर्षं भय्याजींना दिवाळीला पोस्टकार्ड टाकायचो. डाव्या हाताची वाकडी अक्षरं उत्तरात यायची, ‘आम्ही ठीक. तब्येत सांभाळा.’ पुढं यायची थांबली. नातीला मराठी लिहिता येत नव्हतं.

कोयनेल सोडून जमाना झाला, पण कान वाजायचे थांबले नाहीत. आणि आताशा त्या वाजण्यात घुंगरं असतात. त्या दिवशी न ऐकलेली. जेवताना, बाजारात, लॉरीच्या चाकावर हात असताना, कधीही. मागं वळून बघतो. मागं कुणी नसतं.

झाशीला इथून थेट गाडी आहे, रोज. मी फलाटावर दोनदा गेलो आहे. एकदा तिकीटसुद्धा काढलं होतं. पण जाणार आहे. भय्याजी आता नसतील, हे मला कळतं. परमा माझ्या वयाचा आहे, तो असेल. चिरगावच्या पुढं ती पायवाट मला डोळे मिटून सापडेल. त्याच्या दारात उभा राहून सांगेन की बाबूंनी विचारलं होतं. मी नाही म्हणालो होतो. मग त्याला जे बोलायचं ते बोलू दे. कचेरीच्या त्या पायऱ्यांवर भय्याजींनी घेतलेली एकेक शिवी माझी होती, भय्याजी, आणि एक दिवस मी ती सगळी तुमच्या अंगावरून उतरवून माझ्या अंगावर घेईन.